गाडी थांबवा, सिंह नाहीये, म्हशी आहेत

अरुषाकर | १४ जून, २१:४०

नमस्कार मंडळी,

नोकरीच्या निमित्ताने टांझानियात, अरुषा गावात राहायला येऊन नऊ वर्षं झाली. पुण्या-मुंबईकडून येणारा प्रत्येक पाहुणा 'सफारी करायचीच' असं ठरवूनच विमानातून उतरतो, त्यामुळे मन्यारा, गोरोंगोरो, सेरेंगेटी असं फिरवून आणणं हे माझं बिनपगारी जोडकाम होऊन बसलंय. त्यात एक प्रसंग दरवेळी ठरलेला. गाडीच्या उघड्या टपातून कुणीतरी ओरडतं, "ते काळं काळं काय दिसतंय?" चालक म्हणतो, "न्याती." दुर्बीण वर जाते आणि लगेच खाली येते. "ह्या, म्हशी आहेत. चला पुढे, सिंह कुठेय?"

गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याने हेच केलं. वर म्हणाला, "म्हशीच बघायच्या तर मी सांगलीला गेलो नसतो का?" तेव्हाच ठरवलं की या जनावराची बाजू कुणीतरी मांडायला हवी. न्याती म्हणजे आफ्रिकेतली रानम्हैस, केप बफेलो.

आधी दुपारचं सांगतो. मन्यारा सरोवर इथून दोनेक तासांवर. एका बाजूला खचदरीचा उभा कडा, दुसऱ्या बाजूला सरोवर, आणि मधल्या पट्ट्यात गवत. भर दुपारी दीड-दोनशे म्हशींचा कळप बसलेला असतो. बहुतेक जणी रवंथ करत असतात, कान तेवढे हलत असतात. पाहुणे पाच मिनिटांत कंटाळतात. तासभर थांबलात तर दिसतं, की मधूनच एखादी म्हैस उठते, जागेवरच थोडी वळते, एका दिशेला तोंड करून मिनिटभर उभी राहते आणि परत बसते. मान रवंथ करतानापेक्षा वर, पण धोका दिसल्यावर ताणतात तितकी वर नाही. थोड्या वेळाने दुसरी उठते. मग तिसरी. बघणाऱ्याला वाटतं, पाय आखडले असतील.

हर्बर्ट प्रिन्स नावाच्या डच शास्त्रज्ञालाही आधी तेच वाटलं होतं. १९८० च्या दशकात तो मन्याऱ्यात याच म्हशींचा अभ्यास करत होता. उभी राहिलेली म्हैस कुठे तोंड करते याची नोंद तो ठेवत गेला, आणि ऊन उतरल्यावर कळप कुठे चरायला जातो तेही टिपत गेला. दोन्ही जुळले. सगळ्या जणींच्या दिशांची सरासरी काढली, तर संध्याकाळी कळप त्याच बाजूला निघायचा, तफावत तीनेक अंशांची. यात भाग फक्त मोठ्या म्हशींचा. रेडे उठले काय, बसले काय, त्याने काही ठरत नाही. आणि म्हशींमध्ये कोण थोरली, कोण धाकटी याचाही फरक पडत नाही. एखाद्या दिवशी दिशा फारच फाकल्या, तर रात्री कळप फुटून वेगवेगळ्या गवतात चरतो.

हे वाचल्यापासून मी मन्याऱ्यात गेलो की गाडी सावलीत लावून बसतो. चालक पहिल्यांदा वैतागला होता. आता तोही पैज लावतो. दहातले सहा वेळा तो जिंकतो, माझा हिशेब चुकतो, कारण सुरुवातीला उठलेल्या माझ्या नजरेतून सुटतात.

दुसरी गोष्ट रेड्यांची. भरात आलेला रेडा सात-आठशे किलोचा. दोन्ही शिंगं बुडाशी रुंद होत कपाळावर एकमेकांना भिडतात आणि शिरस्त्राणासारखा जाड पाटा तयार होतो. तो पुरता टणक व्हायला सात-आठ वर्षं लागतात. असे रेडे काही महिने कळपात राहतात, पण तिथे माजावरच्या म्हशींमागे फिरण्यात आणि एकमेकांना हटवण्यात धड चरणं होत नाही, आणि ते वाळतात. मग बाहेर पडून चार-पाच रेडे मिळून ओढ्याकाठी राहतात, अंगावर मांस चढलं की परत येतात. वय झालं की परतणं थांबतं. या म्हाताऱ्यांना दक्षिणेकडे 'डग्गा बॉईज' म्हणतात. डग्गा म्हणजे चिखल. कान फाटलेले, पाठीवरचे केस गेलेले, अंगावर वाळलेल्या चिखलाची खपली. सफारीत अगदी जवळून दिसतो तो बहुधा असलाच एखादा, आणि तो गाडीकडे अशा नजरेने बघतो की जणू आपण त्याचे पैसे देणं लागतो.

आणि गवत-पाण्याचं. या जनावराला रोज पाणी लागतं, त्यामुळे सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या उघड्या माळावर, जिथे पावसाळ्यात लाखो वाइल्डबीस्ट (मोठ्या जातीची कुरंगं) असतात, तिथे म्हशी जवळपास नसतातच. त्या उत्तर-पश्चिमेला, नदीनाल्यांच्या आसपास. आखूड गवत त्यांना नीट कापता येत नाही. जिभेने वेढा घालून उंच, जाडंभरडं गवत ओढायचं ही त्यांची रीत. जे गवत इतरांना नकोसं असतं ते त्या आधी खाऊन, तुडवून मोकळं करतात, आणि खालून फुटलेल्या कोवळ्या पात्यावर मग बाकीचे येतात.

लिहिण्यासारखं बरंच आहे, पण आधी तुमचे अनुभव ऐकू द्या. कुणी क्रूगरला किंवा मसाई माराला गेलं असेल तर जरूर लिहा.

---

टोळभैरव | १४ जून, २२:०५

म्हणजे बायका ठरवतात, पुरुष मागून चालतात, आणि रिटायर झालेले पारावर चिखल लावून बसतात. यासाठी आफ्रिकेला कशाला जायचं? आमची सोसायटी बघा.

बाकी लेख एक नंबर. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

चिमणचारा | १४ जून, २२:३१

फारच छान लिहिलंय! मुलाला वाचून दाखवलं, वय वर्षं आठ. त्याचे दोन प्रश्न. एक, सिंह आणि रेडा भांडले तर कोण जिंकतं? दोन, त्यांच्या पाठीवर बसतात ते पक्षी त्यांना टोचत नाहीत का? पहिल्याचं उत्तर मी 'झोप आता' असं दिलंय.

---

शंकासुर | १४ जून, २३:१२

लेख आवडला, पण 'म्हशींची लोकशाही' छापाच्या गोष्टींचा मला कंटाळा आलाय. (तुम्ही तो शब्द वापरला नाहीत, पण प्रतिसादांत येणारच.) म्हैस उठून एका दिशेला बघते, कारण तिकडून गवताचा किंवा पाण्याचा वास येत असेल. बहुतेकींना एकच वास येतो, म्हणून बहुतेक एकाच दिशेला बघतात. संध्याकाळी भूक लागते, सगळ्या तिकडेच जातात. यात मत कसलं आणि मतदान कसलं?

---

अरुषाकर | १५ जून, ०७:५०

शंकासुर, रास्त शंका आहे. मलाही मतदान हा शब्द जरा ओढूनताणून वाटतो. पण नुसत्या वासावर सगळं भागत नाही. वास असता तर रेड्यांनाही आला असता, आणि त्यांची तोंडंही जुळली असती. दुसरं म्हणजे, जिथे दोन वेगळ्या दिशा पडतात तिथे कळप सरसकट जवळच्या गवताकडे जात नाही, तो फुटतो. आणि निघायच्या वेळी पुढे कुणी ठरलेली म्होरकी नसते, तरी सगळ्यांना माहीत असल्यासारख्या निघतात. याला 'एकमेकींकडे बघून जमवून घेणं' म्हणा हवं तर. घरात जेवायला काय करायचं ते जसं ठरतं, तसं.

का जुळवून घेतात हे मात्र उघड आहे. एकटी पडली तर सिंह आहे.

---

दावणवाला | १५ जून, १३:२०

राम राम. कोल्हापूर भागातला हाय, दावणीला चौदा म्हशी. सात पंढरपुरी, बाकी मुऱ्हा. तुमचं लिखाण वाचून लई मजा आली. आमच्या पंढरपुरीची शिंगं खांद्याच्या मागंपर्यंत जात्यात, पण कपाळावर पाटा न्हाई.

काही विचारायचं हाय. त्या म्हशी गाभण किती महिने असत्यात? रेडकू लगेच उठून चालतंय का? गोचीड लई असतील, तर करत्यात काय? आणि शेवटचं, एवढी मोठी जनावरं तिथल्या लोकांनी दावणीला का बांधली न्हाईत?

दुपारी उठून उभं राहणं आमच्यातबी हाय. पण आम्ही कधी तोंड कुणीकडं हाय ते बघितलं न्हाई. आता बघतो.

---

अरुषाकर | १५ जून, २०:४५

दावणवाला, तुमच्यासारख्यांसाठीच लिहिलं होतं! गाभणकाळ आपल्या म्हशीपेक्षा जास्त, जवळपास ३४० दिवस. आपल्याकडे दहा महिन्यांच्या आसपास ना? पहिलं वेत पाचव्या वर्षाच्या सुमारास, आणि पुढेही दरवर्षी नाही. म्हणून एखाद्या दुष्काळात कळप खचला की भरून यायला बरीच वर्षं जातात. १९९३ च्या दुष्काळात सेरेंगेटीतल्या म्हशी फार मेल्या.

रेडकू काही तासांत चालतं, पण कळपाबरोबर धावायला पुष्कळ दिवस घेतं. एक गंमत बघितलीय, ते बाजूने कमी आणि मागून, आईच्या मागच्या पायांमधून जास्त पितं. म्हणजे आई चालत राहिली तरी याचं चालू. वगार मोठी झाली तरी कळपातच राहते. आई, मावश्या, बहिणी, सगळं गणगोत तिथेच. बाहेर जातात ते रेडे.

दावणीचं म्हणाल तर इथे उत्तरेकडून गाई-बैल आयतेच आले, इथल्या मसाई गुराख्यांचं सगळं जग त्यांच्यावर उभं आहे. त्यात हिचा स्वभाव असा की बिथरली तर पळून जाण्यापेक्षा अंगावर येणं तिला सोपं वाटतं. हजारो वर्षं जे जनावर सिंहासमोर उभं राहून टिकलं, ते दाव्याला कसं मानणार?

---

पानगळ | १५ जून, २१:३०

नागपूरहून. एक आग्रहाची दुरुस्ती सुचवते. 'रानम्हैस' हा शब्द आपल्याकडे आधीच दिलेला आहे, तो आपल्याच रानम्हशीला राहू द्या. आसामात काझीरंग्यात, छत्तीसगडात इंद्रावती-उदंतीकडे, आणि महाराष्ट्रात गडचिरोलीत कोलामार्काला ती आहे. २०१३ मध्ये कोलामार्का संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं ते तिच्यासाठीच. गोठ्यातली म्हैस ही तिचीच लेक. आफ्रिकेतली न्याती दिसायला सारखी असली तरी वेगळ्याच प्रजातीतली, गुणसूत्रं ५२. आपल्या मुऱ्हा-पंढरपुरीची ५०. दोघींचा संकर होत नाही.

आणि कृपा करून कुणी दाजीपूरच्या गव्याला यात आणू नका. गवा हा गाय-बैलाच्या गोतातला. लोक त्याला गवारेडा म्हणतात, इंग्रजीत 'बायसन' म्हणतात, आणि तो यांपैकी काहीच नाही.

---

टोळभैरव | १५ जून, २१:४४

गव्याला आणणारच होतो. परत नेतो.

---

अरुषाकर | १५ जून, २२:१०

पानगळ, मान्य. यापुढे न्यातीच म्हणतो. शीर्षकातल्या 'म्हशी' राहू द्या, मेव्हण्याची भाषा आहे ती.

---

डॉ_खुरकूत | १६ जून, ११:०५

मी निवृत्त पशुवैद्य. चिमणचारा यांच्या चिरंजीवांना आधी उत्तर देतो, मग माझं पुराण.

पाठीवरचे ते पक्षी म्हणजे ऑक्सपेकर, लाल चोचीचे आणि पिवळ्या चोचीचे असे दोन प्रकार. गोचीड खातात हे खरं, पण शाळेच्या पुस्तकात लिहितात तितके ते सज्जन नाहीत. रक्त त्यांना आवडतं, मग ते गोचिडाच्या पोटातलं असो की जनावराच्या जखमेतलं. बरी होत आलेली जखम ते पुन्हा उकरतात. जनावर सहसा सहन करतं, कधी मान झटकून हाकलतं. खाली पायापाशी फिरतात ते आपले ओळखीचे गायबगळे. ते कधी पाठीवर बसतातही, पण गोचिडांपेक्षा उडालेले टोळच जास्त खातात.

आता पुराण. न्यातीची गोष्ट बुळकांडीशिवाय, म्हणजे गुरांच्या 'रिंडरपेस्ट' रोगाशिवाय, अपुरी आहे. आजच्या तरुण शेतकऱ्याला हा शब्दही माहीत नसेल, आणि त्याचा मला अभिमान आहे. तोंडात चट्टे, डोळ्यांतून घाण, घाणेरड्या वासाची हगवण, आणि आठवड्यात गोठा रिकामा. नोकरीला लागलो तेव्हा लशीची पेटी बर्फात घालून गावोगाव हिंडायचो.

हा रोग आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला एवढ्या मोठ्या प्रमाणात पसरला तो १८८७ नंतर. इटालियन सैन्याने तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात जनावरं उतरवली, ती भारतातून आणलेली होती असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. तिथून दहा वर्षांत रोग थेट दक्षिण टोकाला, केपपर्यंत पोचला. वाटेत गाई-बैल तर गेलेच, कित्येक ठिकाणी दहातले नऊ गेले. इथिओपियात नांगराला बैल उरला नाही आणि भयंकर दुष्काळ पडला. आणि न्याती? ती गाय-बैलांची लांबची नातलगच, प्रतिकारशक्ती शून्य. जिथे हजारोंचे कळप होते तिथे सांगाडे उरले.

इथे एक आडवाट घेतो. १८९६ च्या अखेरीस रॉबर्ट कॉख, हो, क्षयाच्या जंतूवाले, याच रोगासाठी दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला बोलावले गेले. मेलेल्या जनावराचं पित्त टोचून थोडंफार संरक्षण मिळतं हे त्यांनी दाखवलं. काम अर्धवट टाकून १८९७ मध्ये ते निघाले ते थेट मुंबईला, कारण मुंबईत प्लेग होता. आणि आपल्याकडे जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये सुरू झाली ती पुण्यात. पुढे ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. वस्तीपासून लांब नेण्याचं मोठं कारण हाच रोग होता.

आता मुद्द्यावर येतो. साठ-सत्तर वर्षं सगळे धरून चालले होते की जंगली जनावरं हे बुळकांडीचं कोठार आहे, त्यांच्याकडून ती गोठ्यात येते. काही ठिकाणी त्यासाठी जंगली जनावरं मारलीही. केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी १९६० च्या सुमारास चांगली लस तयार केली. सेरेंगेटीच्या भोवतालच्या गाई-बैलांना लस टोचण्यात आली. जंगलात एकाही जनावराला कुणी सुई लावली नाही. आणि १९६३ च्या आसपास जंगलातला रोग आपोआप बंद पडला! वाइल्डबीस्ट अडीच लाखांवरून १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले, न्यातीही झपाट्याने वाढल्या. कोठार गोठ्यातच होतं. जंगल बिचारं त्याचं गिऱ्हाईक.

जगातली बुळकांडीची शेवटची नोंद २००१ ची, केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानातली, आणि ती न्यातीमध्येच सापडली. २०११ मध्ये रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. त्या दिवशी मी घरी पेढे आणले होते. बायकोने विचारलं, कोण पास झालं?

---

चिमणचारा | १६ जून, १४:१८

डॉक्टर, अंगावर काटा आला. पेढ्यांवर हसूही आलं. चिरंजीव विचारतात, बगळ्याला गोचीड का आवडत नाही?

---

जोबर्गची_जाऊबाई | १६ जून, १८:५५

आमच्याकडे दक्षिण आफ्रिकेत न्यातीचं वेगळंच चाललंय, त्यावर थोडं लिहिते.

क्रूगरमधला तो प्रसिद्ध व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. २००४ मध्ये एका पर्यटकाने पाणवठ्यावर टिपलेला, २००७ मध्ये नेटवर आला. सिंहिणींनी रेडकू पकडलं, ते पाण्यात पडलं, मगरीने दुसरं टोक धरलं, ओढाताण झाली, सिंहिणींनी जिंकलं. आणि मग अख्खा कळप परत आला, सिंहांना घेरलं, एकीला शिंगावर उडवलं, आणि रेडकू चालत कळपात गेलं. चिमणचारा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एकटा रेडा आणि पाच सिंह असतील तर सिंह. अख्खा कळप असेल तर सिंहाने झाड शोधावं.

दुसरी गोष्ट पैशांची. क्रूगर भागातल्या न्यातींमध्ये लाळ्या-खुरकुताचे विषाणू असतात, शिवाय १९९० मध्ये तिथे गाईंचा क्षयरोग सापडला, जो त्यांना खाणाऱ्या सिंहांनाही झाला. त्यामुळे रोगमुक्त न्यातींना सोन्याचा भाव आला. मोठ्या शिंगांच्या रेड्यांची पैदास करणारे धनाढ्य लोक झाले. २०१६ मध्ये 'होरायझन' नावाच्या एका रेड्याचा फक्त चौथा हिस्सा ४ कोटी ४० लाख रँडला विकला गेला! त्याच्या आधी, २०१२ मध्ये, सिरिल रामाफोसा यांनी लिलावात एका म्हशीसाठी कोट्यवधींची बोली लावली होती. लोक भडकले, त्यांनी माफी मागितली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०२० मध्ये त्यांच्या शेतघरातल्या सोफ्यात ठेवलेले डॉलर चोरीला गेले. ते कुठून आले? न्याती विकून, असं त्यांनी सांगितलं. त्यावरून इथे इतकं रामायण झालं की माझी कामवाली मावशी सोफा झाडताना रोज तोच विनोद करायची.

---

डॉ_खुरकूत | १६ जून, २१:२०

जाऊबाईंनी लाळ्या-खुरकुताचा विषय काढलात म्हणून. बुळकांडीच्या अगदी उलट प्रकार इथे आहे. त्यात न्याती मरायची, यात तिला काही होत नाही. विषाणू घशात घेऊन ती वर्षानुवर्षं मजेत हिंडते, आणि शेजारच्या गाईला दिला की गाईचं तोंड-खूर फुटतं. बोट्स्वानाला युरोपात गोमांस विकायचं होतं, म्हणून १९५० च्या दशकापासून शेकडो किलोमीटरची कुंपणं घातली गेली. ती न्यातीसाठी होती, पण अडकले आणि तहानेने मेले ते स्थलांतर करणारे वाइल्डबीस्ट. न्याती पाण्याजवळच होती.

---

शंकासुर | १७ जून, ००:१५

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा व्हायच्या लायकीचा आहे.

आता माझी दुसरी तक्रार. प्रत्येक माहितीपटात 'काळा मृत्यू', 'सूड घेणारं जनावर', 'गोळी मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतं' असलं काहीतरी येतंच. अरुषाकर, तुम्ही तिथे राहता. सूड खरा का?

---

अरुषाकर | १७ जून, ०८:३०

सूड नसावा. शिकाऱ्यांच्या गोष्टी कुठून येतात बघा. गोळी लागली आणि न्याती पळून गेली, मेली, तर तिची गोष्ट कुणी सांगत नाही. गोळी लागून ती दाट झुडपात शिरली आणि शिकारी मागोमाग शिरला, तर आत जखमी, वेदनेने पिसाळलेलं सात-आठशे किलोचं जनावर वाऱ्याकडे नाक करून उभं असतं. शिकाऱ्याला वाटतं, दबा धरून बसली होती. तिच्या बाजूने बघितलं तर लपली होती, आणि हा तिथेही आला. 'बिग फाइव्ह' हा शब्दही त्याच लोकांचा. पायी शिकार करायला सगळ्यात अवघड अशी ती पाच जनावरं. आता तो पर्यटन कंपन्यांच्या टीशर्टवर आहे, आणि माझा मेव्हणा पाचातली चार बघून 'सगळं झालं' म्हणतो.

गावकऱ्यांना मात्र खरंच भीती असते, आणि ती मुख्यतः म्हाताऱ्या रेड्यांची. कळपाला माणसाचा वास आला की कळप बहुधा उठून जातो. पण ओढ्याकाठच्या झुडपात दुपारी झोपलेला एकटा रेडा, लाकडं गोळा करायला गेलेल्या बाईला दोन हातांवर असताना दिसतो. त्याला मागे कळप नाही, पळायची सवय मोडलीय. तो पुढे येतो. इथले लोक सकाळी-संध्याकाळी ओढ्याची वाट टाळतात, आणि जावंच लागलं तर बोलत, गाणी म्हणत जातात.

सिंहही याच म्हाताऱ्यांना जास्त मारतात. आकाराने सगळ्यात मोठा, शिंगांनी सगळ्यात भारी, पण एकटा. गेल्या ऑगस्टमध्ये पाहिलं होतं. दोन सिंहिणी आणि एक म्हातारा रेडा, सकाळी सातपासून. तो एका झुडपाला पाठ लावून उभा, त्या दोघी समोर आडव्या. कुणी काहीच करत नव्हतं. तो थकायची वाट त्या बघत होत्या, आणि त्या कंटाळायची वाट तो. अकरा वाजता पाहुण्यांना भूक लागली म्हणून आम्ही निघालो. दुपारी परत आलो तेव्हा झुडूप होतं, तिघेही नव्हते. गवतावर रक्त नव्हतं.

---

टोळभैरव | १७ जून, ०९:०२

अरुषाकर, पाहुण्यांना उपाशी ठेवायचं होतंत हो!

---

पानगळ | १७ जून, १०:४०

'पाठ लावून उभा' यावरून आठवलं. कोलामार्काच्या बाजूला वनमजुरांकडून हेच ऐकलंय, आपल्या रानरेड्याबद्दल. वाघ दिसला की मागे झाड किंवा बांबूचं बेट घेतो. प्रजात वेगळी, खंड वेगळा, पण अक्कल एकच. अरुषाकर, कधी भारतात आलात तर गडचिरोलीला या. दिसेल याची हमी नाही, फारच थोड्या उरल्यात.

---

दावणवाला | १९ जून, २०:१५

मंडळी, तीन दिवस दुपारी जेवण झाल्यावर गोठ्याच्या बाहेर खाट टाकून बसलो. मुक्त गोठा हाय, दुपारी सोडतो, त्यामुळं तोंड कुणीकडंबी करता येतंय. वहीत लिहिलं.

पहिला दिवस: अकरा उठल्या, नऊ जणींनी तोंड आंबोणाच्या बादल्या ठेवतो त्या खोलीकडं केलं. दोन हौदाकडं.

दुसरा दिवस: दहा उठल्या. दहाच्या दहा खोलीकडं.

तिसरा दिवस बायकोनं बादल्या मुद्दाम मागच्या पडवीत ठेवल्या, वास येईल अशा, उघड्या. तेरा उठल्या. आठ खोलीकडंच, पाच पडवीकडं. आणि थोरली पंढरपुरी, ती तर उठलीच न्हाई. बसल्या जागी माझ्याकडं बघत हुती.

शंकासुरभाऊ, वासाचं निम्मं खरं दिसतंय. अरुषाकर, निम्मं तुमचं. धारा काढायची वेळ झाली, येतो.

---

अरुषाकर | १९ जून, २१:०२

दावणवाला, वहीच्या पानाचा फोटो टाका. प्रिन्सकडे थोरलीचा रकाना नव्हता!